न्हाव्याची खुशी

"पण न्हाव्याला खुशी म्हणून किती द्यायचं, ते तरी सांगा की, बाबा."

निरंजनबाबा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"ते तू ठरवायचं," ते म्हणाले. "बरोबर ठरवलंस तर आजच अनुग्रह. चुकलास तर तुझी प्रवचनं बरी अन् तू बरा."

अनुग्रहाआधीच्या मुंडणाला विश्वंभरबुवा तयार होते. वर्षभर ते या अनुग्रहासाठी मठाचे खेटे घालत होते. माणूस विद्वान, आवाज खणखणीत, खांद्यावर रुळणारे केस. गावोगाव लोक त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचे. आणि आता घोडं अडलं होतं कुठे, तर न्हाव्याच्या खुशीपाशी.

मठाचा न्हावी भिवा उंबराखाली पाट मांडून तयारच होता.

बुवा पाटावर बसले. मुंडण सुरू झालं, तसे मनातले हिशेबही. कमी दिलं तर कंजूष दिसू. जास्त दिलं तर मिरवल्यासारखं. दानाबद्दल शास्त्र काय म्हणतं, ते निदान भिवाला ऐकवावं म्हणून त्यांनी तोंड वर केलं.

"मान खाली," भिवा म्हणाला.

"अरे, ऐक तर..."

"मान खाली, बुवा. कान जाईल."

भिवाने दोन बोटांनी ती मान अशी काही दाबली की बुवांची हनुवटी छातीला टेकली. बुवांना राग आला. मग मांडीवर पडलेले आपलेच केस दिसले, अन् कशानं कोण जाणे, त्यांना हसू फुटलं. काही केल्या आवरेना. वस्तरा बाजूला धरून भिवाही हसायला लागला.

डोकं धुऊन बुवा उठले. खिशात होतं नव्हतं ते न मोजता त्यांनी भिवाच्या धोकटीवर ठेवलं.

"लई झालं," भिवा म्हणाला.

बुवांना मात्र ते थोडंच वाटत राहिलं. ओसरीशी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"नाही ठरवता आलं, बाबा. जातो मी."

"मला तरी कुठं आलंय अजून..." बाबा शेंगांची टरफलं झटकत खुशीत उठले. "थांब. अनुग्रह आजच. आधी माझी पाळी."

अन् ते सरळ पाटावर जाऊन बसले. बुवा बघतच राहिले. बाबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"बाबा, तिथं काढायला आहे काय?"

"दर सोमवारी बसतो."

भिवाने त्या तुळतुळीत डोक्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"मान खाली, बाबा."

बाबांनी ती लहान पोरासारखी पटकन वाकवली. मग तसेच, खालूनच, बोलले,

"पंचक्रोशीत मला असं म्हणणारा हा एकटाच उरलाय. ह्याला किती देऊ, तूच सांग."