भिवाचं कोरं कडवं

शेवरखोल गावात खाडीच्या काठाला, होडीच्या जुन्या धक्क्यापाशी, एक उभा कातळ आहे. आजूबाजूचे सगळे कातळ काळे नाहीतर तांबडे. हा मात्र खाडीकडच्या अंगानं पांढराफटक. दरवर्षी जत्रेच्या आधी गावकरी त्याला चुना काढतात. त्यावर देव नाही, शेंदूर नाही, एक अक्षरही नाही. नवख्या माणसाला वाटतं, कुणीतरी जाहिरात रंगवायला घेतली आणि रंगारी जेवायला गेला तो आलाच नाही.

हल्ली इथं गाण्यांचे व्हिडिओ काढायला पुष्कळ मंडळी येतात. खाडी, माड, होड्या सगळं आयतं मिळतं, आणि गावाची काही अडकाठी नसते. अट एकच. गाणं लग्नाचं असो की प्रेमाचं, त्यातलं एक कडवं कोरं ठेवायचं. त्या कडव्यात नाच नाही, नायक-नायिका नाहीत; गाणं चालू आणि समोर फक्त हा पांढरा कातळ. मोबाइलवर पाहणाऱ्याला वाटतं, नेट अडकलं.

मुंबईहून आलेल्या नंदिता नावाच्या दिग्दर्शिकेला या अटीचा राग आला नाही, पण चैनही पडेना. कातळाला चुना काढण्याचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे त्या तातूआजोंना तिनं गाठलं. आजो धक्क्यावर पाय सोडून बसले होते. "देवाचो कोप-बिप काय नाय हां बाये," ते आधीच म्हणाले. "भियाव नको. बस आणि आयक."

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, तर होती; म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी मोठी होडी. त्या काळी विश्राम नावाचा एक ठाकर चित्रकथी या बाजूच्या गावांतून फिरायचा. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत कथा गाणारा. एका हातानं डमरूसारखा हुडूक वाजवायचा, तोंडानं गायचं, आणि कडवं बदललं की मांडीवरच्या गठ्ठ्यातलं पुढचं चित्र दिव्यासमोर उभं करायचं. गाणं कानानं ऐकता ऐकता डोळ्यांनी पाहायची ही चटक माणसाला तेव्हापासूनची आहे, असं आजो सांगतात. पुढं याच जत्रेत काचेची चित्रं दाखवणारा पेटारा आला, मग व्हिडिओची टेप आली, मग सीडीच्या चकत्या आल्या, आता सगळं खिशात आलं. "यंत्रां बदलली, चटक तीच."

विश्रामची चित्रं त्याच्या आज्यानं काढलेली होती. नवीन कथेला नवीन चित्र काढायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. एक राजा सगळ्या राजांना चालायचा, एक राणी सगळ्या राण्यांना. गठ्ठ्यात एक राजपुत्र होता: टपोरे डोळे, पिळदार मिशी, डोक्याला तुरा. रामापासून कुठल्याशा शेजारच्या राज्याच्या वारसापर्यंत सगळी कामं तो एकटा उरकायचा. ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही, आणि विश्रामला तर मुळीच नाही.

एका पावसाळ्यात खाडीला लोंढा आला आणि तर मध्यावर उलटली. तर वल्हवणारा भिवा नावाचा तरणा मुलगा होता. त्यानं एकेक माणूस ओढून काठाला आणला. शेवटचं माणूस आणायला म्हणून जो परत गेला, तो आलाच नाही. त्याच्यामागे राहिली ती त्याची आई, येसू.

गावानं ठरवलं की भिवाचं गाणं व्हायला हवं. विश्रामला बोलावणं गेलं. गाणं त्यानं झपाट्यानं रचलं, आणि चित्राचा प्रश्न त्याच्या मनात आलासुद्धा नाही. जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला या कातळापुढं माणसं दाटीवाटीनं बसली. भिवाचं कडवं आलं, आणि विश्रामनं सवयीनं राजपुत्र उभा केला.

बायामाणसं ढसाढसा रडली. येसूही रडली. ते गाणं असं गाजलं की खाडीच्या दोन्ही तीरांवर विश्रामला दुसरं काही म्हणूच देईनात. पोरं भिंतीवर कोळशानं भिवा काढू लागली, मिशीसकट आणि तुऱ्यासकट. विश्रामला मोठं समाधान वाटे. एका गरीब तारकऱ्याला आपण अमर केलं, असं तो मनाशी म्हणायचा.

अशी काही वर्षं गेली. एकदा तो गावात उतरला असताना येसू त्याच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "विश्रामा, माका माझ्या झिलाचा तोंड आठवणा नाय."

मग तिनंच उलगडून सांगितलं.

"डोळे मिटलंय की तुझा चित्र येता. तेका मिशी नाय होती. माका म्हायत आसा, नाय होती. पन दिसणा नाय रे. तां मिशयेचाच येता."

तेव्हा विश्रामला उमगलं. आपण हिच्या मुलाला अमर केलं नव्हतं. आपण त्याचं तोंड पुसून तिथं दुसऱ्याच कुणाचं बसवलं होतं.

आपल्या हातानं बिघडलेलं आपल्याच हातानं नीट करावं, म्हणून त्यानं भिवाचं खरं चित्र काढायचं मनावर घेतलं. पण भिवा होता कसा? येसूला विचारण्यात अर्थ नव्हता. मग तो ज्यांना भिवानं बुडताना वाचवलं होतं त्यांच्या दारी गेला. एकजण म्हणाला, डोळे मोठे होते. दुसरीनं सांगितलं, मिशी रुबाबदार होती. एका म्हाताऱ्यानं तर तुराही सांगितला. तरीवरचा मुलगा तुरा लावून वल्हं मारत होता, हे सांगताना म्हाताऱ्याला जराही शंका आली नाही. जो तो विश्रामला त्याच्या आज्याचंच चित्र परत सांगत होता.

मग त्याला आठवलं की आपण स्वतः एकदा भिवाच्या तरीतून खाडी ओलांडली होती. तो हरखला. पण आठवून पाहतो तो काय, त्या दिवशी पाणी उसळत होतं आणि तो सारा वेळ चित्रांचा गठ्ठा भिजू नये म्हणून छातीशी धरून खाली मान घालून बसला होता. भिवाचे ओले पाय तेवढे त्यानं पाहिले होते. मान वर करून एकदा बघितलं असतं तर! हे त्याला पुढं जन्मभर लागून राहिलं, असं सांगतात.

ठाकरांच्या रिवाजात जीर्ण झालेलं चित्र पाण्यात सोडतात. राजपुत्र जीर्ण नव्हता, चांगला ठणठणीत होता. पण विश्राम धक्क्यावर आला आणि त्यानं तो खाडीत सोडला. घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं. राजपुत्र गेला म्हणजे सगळ्याच कथा लंगड्या झाल्या. त्यानं कुणाचं ऐकलं नाही, आणि वर नवस बोलून बसला की भिवाच्या कडव्याला यापुढं चित्र लावणार नाही, येसूला तिचा मुलगा दिसेपर्यंत.

त्या जत्रेला त्यानं कातळाला स्वतः चुना काढला. बाकीच्या कडव्यांना चित्रं दाखवली. भिवाचं कडवं आलं तेव्हा चित्राचा हात खाली ठेवला आणि उजळलेल्या कातळाकडे तोंड करून नुसता गायला. लोक चुळबुळले. "चित्र खय? इसारलंस काय?" असं कुणी ओरडलंदेखील. आणि येसूनं मान हलवली. तिला अजून मिशीच दिसत होती.

विश्राम हटला नाही. तो येसूकडे जाऊन बसू लागला, पण तोंडाचं विचारीना. तो विचारी, भिवा हाक कशी मारायचा? जेवताना आधी काय खायचा? ओले हात कुठं पुसायचा? येसूच्या कानांना आणि हातांना जे आठवत होतं ते अजून चित्रानं खाल्लं नव्हतं. हात तो केसांना पुसायचा. हाक मारताना आधी खाकरायचा. भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायचा आणि आई ओरडली की उरलेली भाकरी तिच्यापुढं सरकवायचा. विश्रामनं कडव्यातले शूर, धीर, वीर असले शब्द काढून टाकले आणि हे घातलं. दर जत्रेला कडवं जरा बदले. लोकांनाही हळूहळू सवय झाली. चित्र नाही म्हटल्यावर ते कान देऊन ऐकू लागले.

आणि मग एका वर्षी, कडव्यात पापुद्रा आला आणि येसू हसली.

चांगली मोठ्यानं हसली. रडण्याच्या गाण्यात ही बाई हसते म्हणून सगळे वळून पाहू लागले. ती कातळाकडे बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं. विश्रामचा हुडूक हातातच थांबला. त्यानंही कातळाकडे पाहिलं. त्याला चुनाच दिसला.

तो धावत तिच्यापाशी गेला. "भिवा दिसलो?"

"दिसलो."

"कसो होतो गे? माका सांग. ह्या येळेक खरो काढतंय. हुबेहूब काढतंय."

येसूनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे मायेनं पाहिलं म्हणे.

"सांगूचंय नाय," ती म्हणाली. "सांगलंय तर तू काढशीत."

विश्राम पुढं पुष्कळ वर्षं गात राहिला. नवस फिटला होता, तरी भिवाच्या कडव्याला त्यानं पुन्हा कधी चित्र लावलं नाही. त्याच्या माघारी गावानं ते नेमानं चालवलं. आणि पेटारेवाले, टेपवाले, कॅमेरेवाले जे जे आले त्यांनाही तेच सांगितलं.

आजो उठले. नंदितानं विचारलं, "आणि एखाद्यानं नाहीच ठेवलं कोरं, तर?"

"काय नाय होवचा. एकान त्या कडव्यात नाच घातल्यान. गाणा खूप चल्ला." त्यांनी खांदे उडवले. "माका तेचो नाचच आठवता. गाणा आठवणा नाय."

संध्याकाळी कातळापुढं कॅमेरा लागला. ड्रोन खाली उतरवला, नाचणारी मुलं बाजूला बसली. कोरं ठेवलेलं तिसरं कडवं सुरू झालं आणि त्या पांढऱ्या दगडावर दुसरं काहीच नव्हतं. गाणं नंदितानं शंभरदा ऐकलं असेल. आता मात्र ती कॅमेऱ्याच्या मागून बाहेर आली, दगडाकडे बघत उभी राहिली, आणि कडवं संपलं तरी तिनं "कट" म्हटलं नाही. शेवटी कॅमेरामननं हळूच विचारलं, "काय झालं? काही दिसलं का?"

आजही शेवरखोलला कोऱ्या कडव्यानंतर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि त्याचं उत्तर गावात एकच आहे. नंदितानं डोळे पुसले आणि तेच दिलं. "सांगणार नाही," ती म्हणाली.