पाट्यांची टेकडी

मांडवपेठेच्या स्टँडवर उतरलं की वेशीच्या उजव्या अंगाला एक टेकडी दिसते. वर आंब्याची झाडं, उतारावर सीताफळीच्या जाळ्या. नवा पाहुणा म्हणतो, वा, काय हिरवी टेकडी आहे. पण त्यानं जरा सभोवती नजर टाकावी. बाकीचे सगळे डोंगर बोडके, काळ्या फत्तराचे. कुदळ मारली तर ठिणगी उडावी. आणि ही एकटीच अशी मऊ की काठी रोवली तर हातभर आत जाते. कितीही खणा, दगड म्हणून लागत नाही. लागेल कुठून? ही देवानं केलेलीच नाही. पायथ्याशी जे थोरलं तळं आहे, त्याच्या पोटातून माणसांनी डोक्यावर वाहून आणली आहे, पाटी-पाटीनं. तिची पहिली पाटी भिवरा तांबटणीच्या डोक्यावरची, असं सांगतात.

ती गोष्ट फार जुनी. मांडवपेठ तेव्हा नुकती अंग धरत होती. घाटाखालून मीठ यायचं, घाटावरून गूळ आणि घोंगड्या यायच्या, आणि दोन्हींची गाठ इथल्या बाजारात पडायची. बाजार आला की माणूस येतो, माणूस आला की त्याची तहान येते. तळं मात्र खापरपणजोबांच्या वेळचं. दर पावसाळ्यात ओढा गाळ आणून आत टाकायचा आणि तो तिथंच बसायचा. वरून बघाल तर तळं होतं तेवढंच, आत बघाल तर निम्मं. होळी पेटली की तळ उघडा पडे. मग बायका तळाला खड्डे पाडून वाटीवाटीनं घागर भरायच्या, आणि एका वाटीपायी सख्ख्या जावा वर्षवर्ष बोलायच्या नाहीत. शेवटी पेठेच्या महाजनांनी पारावर बसून ठरवलं, बस्स. आता मांडवपेठेत नवी चूल पेटायची नाही.

नेमकी त्याच साली तांबटांची बिऱ्हाडं आली. नदीकाठचं त्यांचं गाव पुरानं एका रात्रीत धुऊन नेलं होतं. बैलगाडीत ऐरणी, हातोड्या, थोडा तांब्याचा पत्रा, बाकी काही नाही. पाण्यानं उठवलेली माणसं, आणि पाण्यासाठीच दारोदार फिरत होती. चार गावांनी त्यांना वाटेला लावलं होतं. भिवराची सून चिमा, तिचं पहिलं मूल अशाच वाटेवर, गाडीखाली जन्मलं आणि तिथंच गेलं. आता ती पुन्हा आशेवर होती. भिवरानं मनाशी एकच धरलं होतं. या खेपेला चिमाचं बाळंतपण छपराखाली झालं पाहिजे.

पारावर कोंडाजी शेटे बसले होते. पेठेचा कारभार त्यांच्या हाती. माणूस वाईट नव्हता, पण दिला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. भिवराचा नवरा रखमाजी हात जोडून उभा राहिला. शेटे म्हणाले, "तुमचे हंडे उत्तम. बाजारच्या दिवशी आणा, विका, आणि सांजेला वाट धरा. आम्हाला हंडे हवेत, हंडेवाले नकोत."

रखमाजी मान खाली घालून वळला. भिवरा वळली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "शेटे, पावसाळ्यात सांडव्यावरनं पाणी वाहतं का तुमच्या?"

"वाहतं की. आठ-आठ दिवस धो-धो वाहतं."

"म्हणजे देणारा देतोय. भांडंच भरलंय खरडीनं." ती म्हणाली, "आमच्यापायी तुमच्या घोटातला घोट कमी व्हायला नको. आमच्या पाण्याला जेवढी जागा लागंल तेवढी आमची आम्ही करून घेतो. गाळ काढतो. मग तर झालं?"

पारावर कुजबूज झाली. गुरव उठला. "तळ्यात साती आसरा आहेत, पाण्याच्या देवी. गाळ म्हणजे त्यांचं अंथरूण. त्याला कुदळ लावाल तर गावाचं वाटोळं होईल."

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. शेट्यांची आई, आवडाई, म्हातारी, पाठीतून वाकलेली पण जिभेनं सरळ. ती म्हणाली, "अंथरूण म्हणे. पाच पिढ्यांत एकदा झटकलं नाही ते? बायकाच आहेत ना त्या? मग त्यांनासुद्धा झाडलेलं बरं वाटत असेल. तू आपली घंटा वाजव, बाबा."

लोक हसले, गुरवसुद्धा मिशीत हसला. पण शेटे हसले नाहीत. त्यांनी अट घातली. पुढच्या सालच्या ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, तळ्यात पाणी दिसलं तर तांबटांनी राहावं. आणि मधे तळ्याला काही दगाफटका झाला, तर त्याच दिवशी गाड्या जुंपायच्या. तोवर वेशीबाहेर राहावं आणि गावाचं भरून झालं की उरेल ते भरावं.

भिवरानं ते कबूल केलं आणि वर आपलं एक जोडलं. "तोवर मी या तळ्याचा घोट घेणार नाही," ती म्हणाली. "माझ्यापुरतं मी खिंडीतल्या झऱ्यावरनं आणीन." झरा कुठला, तर पार डोंगराच्या पल्याड. रखमाजी कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, नवस बोलायचा तर नारळाचा बोलावा माणसानं."

चैत्र लागला, तळ कोरडा झाला आणि तांबट आत उतरले. हातोडीची सवय असलेले हात, त्यांना कुदळ लवकर साधेना. पाटी भरायची, बांध चढायचा, पलीकडे उलटी करायची. गावातली रिकामी मंडळी बांधावर तंबाखू मळत बसत. "काय तांबटीणबाई, तळ्याला कल्हई करता काय?" असं कोणी विचारायचं. भिवरा पाटी न उतरवता म्हणायची, "करू की. तू तेवढा फुंकणीला ये." बांधापलीकडचा ढीग गुडघ्याएवढा झाला, मग छातीएवढा.

पण माणसाला घाई नडते. बांधालगतच्या अख्ख्या पट्ट्यात खणताना काळा गाळ संपला आणि खाली पिवळा, पाणी गिळणारा मुरूम दिसू लागला. रखमाजी म्हणाला, "भिवरे, आता पुरं." भिवराच्या डोळ्यांपुढे चिमाचं पोट होतं. तिला वाटलं, जेवढं खोल तेवढं पाणी, जेवढं पाणी तेवढी आपली मुळं घट्ट. ती म्हणाली, "अजून एक थर." आणि तिथला थर तिनं स्वतः पुढं होऊन काढला.

पावसाळा लागला. तळं अर्ध्यावर भरलं आणि बांधावरच्या टवाळांनीही माना डोलावल्या. मग आषाढात उघडीप पडली. पाणी उतरू लागलं. वापरानं उतरावं तसं नव्हे, फुटक्या घागरीतून जावं तसं. बांधाखालच्या शेतात झरे फुटले, आणि तळ्यात उरला नुसता चिखल.

गाव पारावर लोटलं. गुरव म्हणाला, आसरा कोपल्या, बकरं द्या. कोणी म्हणालं, तांबटांचा पायगुणच वाईट. कोणी म्हणालं, त्यांचा काय दोष, देवीच्या मनात नव्हतं. आता पाहा, भिवरानं तोंड मिटून घेतलं असतं तर बकऱ्यावर भागलं असतं. दोष देवीच्या माथी गेला असता. आणि खरं बोलावं तर शेट्यांची अट होती, त्याच दिवशी गाड्या. चिमाचे दिवस भरत आले होते.

भिवरा पुढं झाली. म्हणाली, "आसरांचा काही संबंध नाही. बूड मी पातळ केलं. यांनी नको म्हटलं तरी मी खणलं. मुरूम दिसत होता मला."

शेटे पारावरून खाली उतरले. मग म्हणाले, "बाई, हे तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं."

"तळ्याला कळलं असतं. दर साली गळालं असतं ते. अन् तुम्ही दर साली बकरं कापलं असतं."

"अट आठवते ना?"

"आठवते. गाड्या जुंपते. पण आधी ठिगळ लावून जाते. हंड्याचं बूड पातळ झालं तर आम्ही हंडा टाकत नाही. आतनं पत्रा चढवतो आणि ठोकून ठोकून एकजीव करतो. काढलेला गाळ आहे, तोच परत आत अंथरायचा, भिजवायचा आणि ठोकायचा."

शेटे म्हणाले, "एवढ्या तळ्याला ठोकायला हातोडा कुठून आणशील?"

भिवरानं आपल्या पायांकडे पाहिलं. "हे आहेत की."

दुसऱ्या दिवशी तांबट आत उतरले. गाळ अंथरला, डबक्यांत उरलेल्या पाण्यानं भिजवला आणि रांगेनं तुडवायला लागले. पण ती माणसं किती आणि तळं केवढं. दुपारपर्यंत एक कोपरा झाला. आभाळाचा भरवसा नव्हता. पाऊस आला असता तर सैल गाळ वाहून पुन्हा तेच.

गाव बांधावर उभं राहून बघत होतं. तेवढ्यात आवडाईनं काठी टाकली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि बसत-घसरत आत उतरली. चिखलात उभी राहून वर बघून म्हणाली, "कोंडाजी, जोडा काढ."

"आई, लोक बघतायत."

"म्हणूनच सांगते. पाणी प्यायला सगळ्यात पुढं घागर आपली असते."

शेट्यांनी जोडा काढला. मग धोतर खोचलं. शेटे उतरले म्हणताना महाजन उतरले, महाजन उतरले म्हणताना त्यांच्या बायका उतरल्या, एकमेकींशी बोलत नसलेल्या जावासुद्धा. गवळ्यांनी म्हशी आत घातल्या. हलगी आली. मग काय विचारता, म्हणे तळ्यात जत्रा भरली. हातात हात धरून रांगा पुढं जायच्या, मागं यायच्या, आणि पायाखालचा गाळ लोण्यासारखा मऊ होऊन मग चामड्यासारखा घट्ट बसायचा. तंबाखू मळणारा तो टवाळ भिवराच्या शेजारी तुडवत होता. ती म्हणाली, "आलास का फुंकणीला?" तो म्हणाला, "मावशी, आता बोलू नका. दम लागलाय."

त्या गर्दीतच चिमाला कळा सुरू झाल्या. आवडाईनं तिला चिखलाच्या पायानं आपल्या घरी नेलं, माजघरात निजवलं. हलगी वाजत असताना मुलगी झाली. छपराखाली, शेट्यांच्या. भिवराला निरोप गेला तेव्हा ती रांगेत होती. तिनं हात सोडले नाहीत, म्हणे. तशीच डोळ्यांतून पाणी गाळत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत तुडवत गेली. जुंपायच्या गाड्या तशाच राहिल्या. त्यांची आठवण काढायला कोणी धजलं नाही, शेटेसुद्धा.

पुढं हस्ताचा पाऊस आला. तळं काठोकाठ भरलं. सांडव्यावरून वाहायला लागलं ते दर सालापेक्षा कितीतरी उशिरा, कारण पोटात जागा झाली होती. होळी पेटली, तळ दिसला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठात शेटे स्वतः भिवराला घेऊन तळ्यावर गेले. पाणी आभाळ घेऊन स्वस्थ पडलं होतं. शेट्यांनी रखमाजीनं घडवलेला तांब्या बुडवला आणि तिच्या हाती दिला. वर्षभर डोंगर चढून झऱ्याचं पाणी प्यायलेली बाई ती. तिनं एक घोट घेतला, थांबली, म्हणाली, "जरा मातकट आहे." आणि सगळा तांब्या रिकामा केला.

त्या दिवशी पारावर जुना ठराव मोडला आणि नवा झाला. नवी चूल पेटू द्या, पण आधी पाटी. जो येईल त्यानं आपली तहान मावेल एवढी जागा तळ्यात करावी, काळ्या थरापर्यंत, खाली नाही. मग पेठ अशी वाढली की विचारू नका. कोष्टी आले, त्यांनी पाट्या वाहिल्या आणि शिवाय धुण्याचा घाट वेगळा बांधून दिला, म्हणजे पिण्याच्या पाण्यात मळ नको. तेली आले, त्यांनी पाट्या वाहून वेशीतल्या दिव्याचं तेल कायमचं अंगावर घेतलं. घोंगडीवाल्यांनी गुरांना पाणी प्यायला दगडी डोण केली. येणाऱ्यानं गावाकडे मागायच्या आधी गावाला काहीतरी द्यायचं, असा पायंडाच पडला. गाव जेवढं मोठं झालं तेवढं तळं खोल झालं, आणि काढलेल्या गाळाची टेकडी उंच.

आजही अक्षय तृतीयेला मांडवपेठेत तळ्याची तुडवण असते. पाणी हटलेल्या काठाला गाळ काढतात, उरलेला तुडवतात, हलगी वाजते. वर्षभरात गावात आलेल्या प्रत्येकानं पाटी वाहायची. नवी सून असो, दवाखान्यातली नर्स असो, की बँकेचा बदलून आलेला साहेब. नगरपालिकेचा नळ हवा असेल तर आधी पाटी, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही आणि कोणी चुकवतही नाही. यंदा नगरपालिकेचे नवे मुख्याधिकारी आले होते. पँट दुमडून, बूट बांधावर ठेवून उतरले. कपड्यांना लागू नये म्हणून त्यांनी पाटी अर्धीच भरली. तांबट आळीच्या बायका बांधावर उभ्याच होत्या. एक म्हणाली, "साहेब, घरात माणसं किती?"

"पाच," साहेब म्हणाले.

"मग ही पाटी एकट्याचीच झाली. बाकीच्यांनी काय करायचं?"

साहेब हसले. पाटी खाली ठेवली, शिगोशीग भरली, डोक्यावर घेतली आणि मानेवरून ओघळणाऱ्या चिखलासकट टेकडी चढायला लागले.