पिल्लाच्या पट्ट्यांचा फोटो

सागाच्या एका जंगलात, पाणवठ्याच्या काठी एक रानडुकरीण राहत असे. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिच्या एकुलत्या एका पिल्लाचे पट्टे पुसट होऊ लागले होते. मुलांनो, रानडुकराच्या पिल्लाच्या अंगावर लहानपणी पिवळसर पट्टे असतात आणि चार-पाच महिन्यांत ते जातात. सगळ्यांचेच जातात. हे तिला ठाऊक होतं. तिचे स्वतःचेही गेले होते. पण आपल्या पिल्लाचे इतक्या लवकर जावेत? आपण त्याला नीट पाहिलं तरी का? की नुसते कंदच उकरत बसलो? ते जाण्याआधी त्यांचा एक फोटो तरी हवा, असं तिने ठरवलं.

पाणवठ्यावरच्या मचाणावर कोणा पाहुण्याचा कॅमेरा राहून गेला होता. बटण दाबलं की लगेच फोटोचा कागद बाहेर येई. आत तीनच कागद उरले होते. तो मचाणावरून खाली आणून देणारा आणि त्याचा जाणकार म्हणजे एक वानर. जंगलाच्या फाटकाशी बसून त्याने पाहुण्यांची बोलणी ऐकलेली. "त्यात काय एवढं, ताई!" तो म्हणाला. "अपर्चर उघडा, आयएसओ चढवा, शटर दाबा. झालं!" रानडुकरिणीला एक अक्षर कळलं नाही. पण कोणता कंद कधी गोड होतो हे साऱ्या रानाला सांगणारी ती. तिने कसं विचारायचं? तिने मान डोलावली. तशी डुकरांची मान दिवसभर खालीवर होतच असते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. वानर सांगेल तशा चकत्या नाकाने फिरवून तिने बटण दाबलं. लख्ख ऊन होतं. कागद बाहेर आला तो दुधासारखा पांढरा.

"ओव्हर झालं," वानर म्हणाला. "आता सगळं उलटं करा. अपर्चर मिटवा, आयएसओ उतरवा, शटर स्लो." तिने पुन्हा मान डोलावली. नेमकं तेव्हाच पिल्लू फुलपाखरामागे धावलं आणि कागदावर पिल्लाच्या जागी मातीचा एक लांब ओघळ उमटला. "आई, हा चिखल कोणाचा गं?" पिल्लाने विचारलं. तिला हसू आलं नाही. आता एकच कागद उरला होता. "हरकत नाही! व्हाइट बॅलन्स बघू, मग हिस्टोग्राम..." वानर सांगू लागला, तशी तिची मान सवयीने हलायला लागली. पण तिने ती मध्येच थांबवली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "दादा, मला यातलं काहीच कळत नाही. मघाशीही कळलं नव्हतं."

मचाणाच्या खांबावरून चुकचुक ऐकू आली. तिथे एक म्हातारी पाल राहत होती. "अगं, मग आधीच नाही का बोलायचं?" ती म्हणाली. "माझा डोळा बघ. उन्हात बाहुलीची नुसती फट उरते. सावलीत आले की बघ, कशी गोल झाली! कॅमेऱ्याच्या त्या बाहुलीला अपर्चर म्हणतात."

"इतकंच? आणि शटर, मावशी?"

"डोळा किती वेळ उघडा ठेवायचा, ते. मला पापण्या नाहीत, तूच करून बघ. पोर धावतंय ना? मग पटकन उघडून पटकन मिटायचा. उघडा ठेवलास तर त्याची सगळी धावपळ आत शिरते."

"आणि आयएसओ?"

"तुझं नाक! अंधारात तू जीव एकवटून हुंगतेस, मग साधं पान हललं तरी दचकतेस की नाही? कॅमेऱ्याचंही तसंच. अंधारात त्याला उजेडाचा कण न् कण हुंगायला लावावं लागतं, पण मग चित्रात नसते ठिपके उठतात. आत्ता भरदुपार आहे बाई. नाक शांत ठेव."

दचकण्याचं तर रानडुकरिणीला कोणी शिकवायला नको होतं. तिने बाहुली बारीक केली, आयएसओ अगदी खाली आणला, शटर झटकन मिटेल असं लावलं आणि श्वास रोखून बटण दाबलं. कागदावर पिल्लू उमटलं. एक पाय हवेत, कानाला चिखल, आणि पाठीवरचा एकेक पट्टा वेगळा! वानर हळूच पालीपाशी सरकला. "मावशी, ते हिस्टोग्रामचंही सांगाल का? मी तो शब्द नुसता ऐकलाय." पाल म्हणाली, "बस इथे, सांगते."

रानडुकरिणीने तो कागद पिल्लासमोर धरला. "बघ, हा तू. आता पट्टे गेले तरी माझ्याकडे हे राहील." पिल्लाने कागद पुढून हुंगला, मागून हुंगला, मग आईच्या कुशीत नाक खुपसून म्हणालं, "पण आई, याला माझा वासच नाहीये."

तात्पर्य : न कळलेल्या शब्दाला मान डोलावू नये, "म्हणजे काय?" असं विचारावं; ज्याला खरोखर कळलेलं असतं, तो ते आपल्याच डोळ्यानाकाच्या भाषेत समजावून देतो.