मधल्या वळणाचा दगड

त्या राज्यात पाणी खाली दरीत होतं आणि राहणारे सगळे वर माळावर. उतरायची वाट प्रत्येक कळपाची वेगळी. आपली वाट परक्याला दाखवायची नाही, मरताना तेवढी पोरांच्या कानात सांगायची, असा तिथला रिवाज होता.

साळू नावाच्या साळिंदराला हे काही पटेना. तिनं कड्यावर एक वाट खोदली आणि तिचं तोंड उघडंच ठेवलं. "ज्याला तहान असेल त्यानं उतरावं," एवढंच म्हणाली. मग गोतावळा सोडून ती वाटेशेजारच्या कपारीत राहायला गेली. तिच्या बहिणींनी कपाळावर हात मारला. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस हिला!"

हळूहळू सगळेच त्या वाटेनं उतरू लागले. रानडुकरांनी तर स्वतःच्या जुन्या वाटा बुजवून टाकल्या, आणि पाहुण्यांना ही वाट ते 'आमची' म्हणून दाखवू लागले. साळूला त्याचं काही वाटत नसे. पहाटे ढासळलेली माती ओढायची, सुटलेले दगड बसवायचे आणि दुपारी कळप उतरताना कपारीतून बघत राहायचं. कुणीतरी थांबून बोलेल, असं तिला रोज वाटायचं. थांबायचे, नाही असं नाही. "खालच्या वळणावर पाय घसरतो, बघ जरा," एवढं सांगून पुढं जायचे. "कशी आहेस?" असं कुणी विचारून किती पावसाळे झाले, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं.

एका पहाटे तिला दिसलं, की मधल्या वळणाचा मोठा दगड खालून पार सुटलाय. हे काम एकटीचं नव्हतं. एकानं दगड पाठीवर तोलायचा, दुसऱ्यानं खाली दगडाच्या चिपा ठोकायच्या. ती माळावर गेली. आजवर तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"मला एकजण पाहिजे. फक्त आजची सकाळ. नाहीतर दुपारी कुणीतरी दरीत कोसळेल."

हरणं म्हणाली, "तुझे उपकार आहेतच गं, पण आम्हाला त्यातलं काय कळतंय?" डुकरांचा म्होरक्या हसला. "इतकी वर्षं तूच बघत आलीस ना? मग बघ की!"

परतताना तिला रडू आलं, आणि संतापही. तिनं वाटेच्या तोंडाशी एक वाळकी फांदी आडवी टाकली. पण दुपारी तहानलेले कळप आले आणि फांदी ओलांडून उतरू लागले. साळू ओरडली. कुणी मान वळवली नाही. तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं धावली, दगडाखालच्या पोकळीत शिरली आणि तिनं पाठ लावली.

पहिली खुरं दगडावर पडली. मग दुसरी. नंतर तिला मोजवेना. श्वास आत घेता येत होता, बाहेर सोडायची सोय नव्हती; सोडला तर पाठ खचली असती.

"कुठं हलतोय दगड? उगाच घाबरवत होती," वरून एक हरिणी म्हणाली.

"हलत नाहीय खरा," मागचा डुक्कर पाय झटकत बोलला, "पण इथं कडेला काटे फार टोचतात. साळूला सांगायला पाहिजे."