दोन तोंडांची तार

“कार्ड खराब आहे, एवढं सांगायला आणखी किती वेळ लावणार, चाचा?”

मयूरेश हेरवाडेनं हे विचारलं तेव्हा माझ्या दुकानातल्या घड्याळात अकरा वाजले होते.

गैबीचाचा नदाफ एका इन्व्हर्टरवर वाकले होते. त्यांनी हातातला स्क्रू शेवटपर्यंत आवळला, मग मान वर केली.

“लावतोय की वेळ,” ते म्हणाले. “तुला घाई आहे होय?”

घाई त्याला होतीच. त्याच्यापेक्षा जास्त वसुधाबाईंना होती.

वसुधाबाई चौगुले कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात. वर्षभर त्यांच्या मुलांनी चित्रं काढली. वासरू हरवलेली एक म्हैस पंचगंगा पोहून पलीकडं जाते, एवढीच गोष्ट. पण ती सांगणारी माणसं चित्रात हातांनी बोलतात. त्या चित्रांचा बारा मिनिटांचा सिनेमा व्हायचा होता. दुपारी चारला तो शाळेत दाखवायचा होता. शिरोळ, हातकणंगल्याकडचे आईबाप एसटीनं निघालेही होते.

चित्रं जोडून पक्का सिनेमा करायला कॉम्प्युटरच्या मशीनला साडेतीन तास लागतात. म्हणजे बारापर्यंत काम सुरू व्हायला हवं.

आणि मशीन दोन मिनिटांच्या वर चालत नव्हतं.

मशीन मयूरेशनं जोडलेलं, त्यातलं चित्रांचं काम ओढणारं ग्राफिक्स कार्ड माझ्या दुकानातलं. म्हणून तो, बाई आणि मशीन, तिघांची वरात माझ्या दारात.

“दुसरं कार्ड द्या, शेठ,” वसुधाबाई म्हणाल्या.

“एकच होतं, बाई. दुसरं पुण्याहून उद्या येईल.”

उद्या म्हटल्यावर त्या खाली बसल्या.

मी मूळचा कापडाच्या पेढीवरचा माणूस. कॉम्प्युटर विकायला लागलो तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. धंदा मला गिऱ्हाइकांनी शिकवला. दहा जणांनी फसवून, दोघांनी समजावून. पण विजेचं जे काही कळतं ते चाचांकडून. इचलकरंजीत यंत्रमागाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. नजर अधू झाली, बारीक तार दिसेना, तेव्हा ते माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात येऊन बसले. मी त्यांना जागा दिली असं लोक म्हणतात. खरं म्हणजे त्यांनी माझ्या दुकानाला पत दिली.

मयूरेश पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. हुशार, शब्दाचा पक्का. गेल्या दिवाळीपासून चाचांच्या मागं लागला होता, मला पॉवरचं काम शिकवा म्हणून.

चाचा म्हणायचे, “बघू.”

त्याच्या मशीनला काचेचं दार असतं. आत निळे-जांभळे दिवे. आणि तार? शोधून दाखवा! सगळ्या तारा मागच्या पत्र्याआड. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. मीही काढलाय.

“पॉवर सप्लाय केवढा?” चाचांनी विचारलं.

“साडेआठशे वॅट. चांगल्या कंपनीचा. कार्ड साडेतीनशे खातं, प्रोसेसर दीडशे, बाकी सगळं मिळून शंभर. अडीचशे शिल्लक राहतात. हिशोब करूनच घेतलाय.”

“हिशोब बरोबर आहे.”

मयूरेश माझ्याकडं बघून हसला. “ऐकलं, शेठ?”

“कार्ड काढ,” चाचा म्हणाले.

त्यानं भिंतीतली पिन उपसली. काच उतरवली. तार सोडवली, दोन स्क्रू सोडले, स्लॉटची खिट्टी दाबली, कार्ड अलगद बाहेर घेतलं. काम देखणं होतं. सोनारानं नथ काढावी तसं.

“आता चालू कर.”

कार्डाशिवाय मशीन सुरू झालं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बंद पडायचं नाव नाही.

“झालं!” मयूरेशनं टेबलावर थाप मारली. “कार्ड नाही तर त्रास नाही. आता तरी म्हणाल का खराब?”

चाचा चष्मा पुसत होते.

“तुझ्या घरी जावई आला…”

“माझं लग्न व्हायचंय, चाचा. जावई कुठला?”

“बहिणीचा नवरा आला, असं समज. त्यानं अंघोळीला नळ सोडला आणि पाणी आलं नाही. तर जावई खराब?”

वसुधाबाईंना एवढ्या काळजीतही हसू फुटलं. मयूरेशला नाही.

मला आमच्या कबनूरच्या बेकरीवाल्याची आठवण झाली. त्यानं एका महिन्यात तीन मिक्सर परत आणले. तिन्ही खराब म्हणाला. मी तिन्ही बदलून दिले. चौथ्या वेळी चाचा त्याच्या घरी गेले, मिक्सरकडं बघितलंसुद्धा नाही, भिंतीतला बोर्ड उघडला. आत मुंगळ्यांनी संसार थाटला होता.

पण हे मी तेव्हा बोललो नाही. दुकानदारानं कधी बोलू नये, हेही शिकावं लागतं.

“बसव कार्ड परत,” चाचा म्हणाले.

“चाचा, साडेअकरा होत आले.”

“बसव.”

त्यानं कार्ड स्लॉटमध्ये दाबलं. खिट्टी टक्क वाजली. स्क्रू आवळले, तार खोचली, मशीन सुरू केलं, सिनेमाचं काम लावलं.

पडद्याच्या एका कोपऱ्यात आकडे पळायला लागले.

“हे बघा,” मयूरेश म्हणाला. “कार्ड बासष्ट अंश. प्रोसेसर अठ्ठावन्न. पंख्यांचे फेरे, व्होल्टेज, सगळं इथं दिसतं. सगळं थंड आहे. या मशीनमधलं माझ्यापासून काही लपत नाही.”

“तारेचा आकडा कुठला?”

“कुठली तार?”

“कार्डाला जाते ती.”

मयूरेशनं पडद्यावरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले.

“तारेचा आकडा नसतो, चाचा.”

“मग हात लाव.”

“कशाला?”

“आकडा नसतो म्हणालास ना. हात लाव.”

“तार पत्र्यामागं आहे.”

“पत्रा काढ.”

इथं मात्र पोरगा अडला. मागचा पत्रा काढायचा म्हणजे त्याच्या घराची मोरी पाहुण्यांना दाखवायची. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी छताच्या पंख्याकडं बघितलं.

“काढा ना हो,” वसुधाबाई म्हणाल्या. आवाज लहान झाला होता. “एस्ट्या यायला लागतील.”

त्यानं पत्रा काढला. आत तारांचा नुसता गठ्ठा. दिव्यांच्या तारा, पंख्यांच्या तारा, आणि त्या सगळ्यांच्या खाली, चिमटे लावून दाबून बसवलेली, कार्डाची तार. वरचं रबर शाबूत होतं, भ्यायचं कारण नव्हतं.

मयूरेशनं तिच्यावर दोन बोटं ठेवली.

बोटं तशीच राहिली.

मग त्यानं ती उचलली. आणि पुन्हा ठेवली.

“गरम आहे,” तो म्हणाला.

चाचांनी इन्व्हर्टरचं झाकण उचललं.

“बरीच गरम आहे…”

तेवढ्यात मशीन पुन्हा बंद पडलं. दिवे विझले. दुकानात माझ्या पंख्याचा आवाज तेवढा उरला.

मयूरेश तार चाचपत पुढं गेला. पॉवर सप्लायपासून निघालेली तार एकच. कार्डाजवळ पोचल्यावर तिला दोन तोंडं फुटलेली. कार्डावर आठ-आठ पिनांच्या दोन जागा, आणि त्या दोन्ही या एकाच तारेनं भरलेल्या.

तो तिथं किती वेळ बघत होता, मी मोजलं नाही. बाईंनी मोजलं असेल.

“तोंडं दोन…” तो स्वतःशी पुटपुटला. “पण येतं एकाच वाटेनं. पॉवर सप्लायमध्ये पॉवर भरपूर आहे. त्या वाटेवर गर्दी झाली की तो स्वतःला वाचवायला बंद होतोय.”

त्यानं चाचांकडं बघितलं. चाचा इन्व्हर्टरचं झाकण लावत होते.

“कार्ड चांगलं आहे,” मयूरेश म्हणाला. हे त्यानं कुणाला सांगितलं, कोण जाणे.

“पॉवर सप्लायच्या खोक्यात दुसरी तार नव्हती का हो?” मी विचारलं. दुकानदाराला खोक्यात काय काय येतं ते ठाऊक असतं.

“होती.” त्याचा चेहरा उतरला. “आहे. पिशवीसुद्धा फोडलेली नाही.”

“का?”

“दोन तारा… बऱ्या दिसत नाहीत.”

वसुधाबाई उठून उभ्या राहिल्या. शाळेतल्या बाईच त्या. त्या क्षणी मला वाटलं, याचा कान धरतात की काय. पण त्या फक्त म्हणाल्या, “खोकं कुठाय?”

खोकं त्याच्या गाडीच्या डिकीत होतं. तो धावत गेला, धावत आला. पिशवी दातानं फाडली. भिंतीतली पिन उपसली. नव्या तारेचं एक टोक पॉवर सप्लायमध्ये बसवलं, दुसरं कार्डाकडं न्यायला निघाला, आणि थांबला.

मागून जायला वाट नव्हती. त्या भोकातून दिव्यांच्या तारा आधीच ठासून भरलेल्या. त्या सोडवायच्या तर तास गेला.

नवी तार पुढूनच न्यायला हवी होती. काचेसमोरून. सगळ्यांना दिसेल अशी, आडवी.

घड्याळात बाराला आठ कमी.

मी चाचांकडं बघितलं. चाचा पहिल्यांदाच हातातलं काम ठेवून त्याच्याकडं बघत होते.

मयूरेशनं तार पुढून घेतली.

जुन्या तारेचं एक तोंड काढून मोकळं सोडलं. नवीचं तोंड त्या जागी धरलं, अंगठ्यानं दाबलं. टक्क आवाज आला. त्यानं ओढून बघितलं, पक्कं बसलं होतं. पिन लावली. बटण दाबलं.

दोन मिनिटं झाली.

वसुधाबाईंनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते.

तीन मिनिटं. पाच. कार्डाचे पंखे चढत्या सुरात घोंगावायला लागले. पडद्यावर म्हैस पाण्यात उतरली.

मयूरेश आकड्यांकडं बघत नव्हता. त्यानं एक हात जुन्या तारेवर आणि दुसरा नव्या तारेवर ठेवला होता.

“दोन्ही कोमट,” तो म्हणाला. मग एकदम ओरडला, “चाचा, दोन्ही नुसत्या कोमट आहेत!”

“ओरडू नकोस गा,” चाचा म्हणाले. “गिऱ्हाईक पळेल.”

साडेतीनला सिनेमा तयार झाला. रिक्षात मशीन मांडीवर घेऊन मयूरेश स्वतः शाळेत गेला. मी दुकान ओढून घेतलं आणि चाचांना स्कूटरवर मागं बसवलं. आयुष्यात मी फार सिनेमे पाहिले नाहीत, पण त्या दिवशीचा चुकवणार नव्हतो.

हॉल भरला होता. पडद्यावर म्हैस पोहत होती, तिला वाट दाखवणारी माणसं हातांनी बोलत होती. समोरची चाळीस मुलं त्यांच्याबरोबर हातांनी बोलत होती. आईबाप पडदा कमी आणि पोरांचे हात जास्त बघत होते. माझ्या शेजारचा एक धनगर गडी, पटका गुडघ्यावर ठेवलेला, आपल्या लेकीकडं बघून म्हणाला, “ही एवढं बोलती होय?”

म्हशीला वासरू सापडलं.

मुलांनी दोन्ही हात वर केले आणि पंजे हलवले. त्यांची टाळी तशीच असते. मोठ्यांनी आधी आपली नेहमीची टाळी वाजवली. मग एकेकाच्या लक्षात आलं. वाजणं थांबलं, आणि सगळ्या हॉलचे हात वर गेले. धनगराचे गेले. वसुधाबाईंचे गेले, तोंडावर पाणी वाहत असताना. माझेही गेले.

मशीनपाशी उभ्या असलेल्या मयूरेशचे हात सगळ्यांत वर होते.

एका पोरानं काचेवर बोट ठेवून त्या आडव्या तारेकडं बघितलं आणि भुवया उडवल्या… हे काय?

मयूरेशनं पडद्याकडं बोट दाखवलं. पोरगं मान डोलावून गेलं.

बाहेर चहा चालला होता. मयूरेश चाचांच्या पाया पडायला वाकला, चाचांनी त्याला वरच्या वर उचललं. उद्या सकाळी नऊला दुकानात ये म्हणाले. मी ऐकलं. “बघू” म्हणाले नाहीत.

पोराचा चेहरा असा फुलला, की मला माझी पहिली बोहनी आठवली.

मग तो जरा घुटमळला.

“चाचा, एक विचारू? तुम्हाला मी आलो तेव्हाच कळलं होतं ना?”

“होय.”

“मग अकरा वाजताच का नाही सांगितलंत? बाईंचा जीव टांगणीला लागला होता. माझाही.”

चाचांनी कप खाली ठेवला. तोंड पुसलं.

“अकराला तू मला सांगायला आला होतास. विचारायला आत्ता आलास.”