चुळबुळीचा स्केटबोर्ड

बाळांनो, मांडी घाला. चुळबुळीची गोष्ट ऐका.

एका मोरीमागे चिचुंद्रीचं एक पिल्लू राहायचं. एवढंसं. नाव तिचं चुळबुळी.

तिच्याकडे होतं कुंकवाच्या डबीचं झाकण. झाकणावर बसायची, सुर्रकन घसरायची. एक दिवस काय झालं? झाकण मोरीत पडलं. बुडुक. गेलं वाहून.

आता घसरायचं कशावर? चुळबुळीचा पाय थांबेना. इकडे तुरु तुरु. तिकडे तुरु तुरु.

सरडेमामांच्या दुकानात आला होता स्केटबोर्ड. लाल फळी. खाली चार चाकं. चुळबुळीला तो हवा म्हणजे हवाच.

गेली बाबांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बाबा, बाबा, स्केटबोर्ड आणा. माझा पाय थांबेना."

बाबा म्हणाले, "आणतो की. पण आधी आईला हो म्हणू दे."

गेली आईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"आई, आई, हो म्हण ना.
बाबा आणेनात,
माझा पाय थांबेना."

आईचा होता शुक्रवारचा उपास. देवापुढे दिवा तेवत होता. सवाष्णीची ओटी भरेपर्यंत आई कुणाला हो म्हणत नसे, कुणाला नाही म्हणत नसे.

"खारूताईला बोलाव," आई म्हणाली. "तिची ओटी भरते. मग बघू."

गेली खारूताईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"खारूताई, खारूताई, घरी ये ना.
आई हो म्हणेना,
बाबा आणेनात,
माझा पाय थांबेना."

खारूताईनं शेपूट पुढे घेतलं. "बघ गं, एकसुद्धा फूल नाही. ओटी घ्यायला अशी येऊ? जाईला म्हणावं, फुलं दे. शेपटीत गजरा माळते, मग येते."

गेली जाईच्या वेलाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"जाई, जाई, फूल ना.
खारूताई येईना,
आई हो म्हणेना,
बाबा आणेनात,
माझा पाय थांबेना."

जाईच्या कळ्या मिटलेल्या. पानं मलूल. पाटाचं पाणी आलं तर फुलेन, म्हणाली.

गेली पाटाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाटा, पाटा, वाह ना.
जाई फुलेना,
खारूताई येईना,
आई हो म्हणेना,
बाबा आणेनात,
माझा पाय थांबेना."

पाट म्हणाला, वाहू कसा? पुढे मातीचा बांध. खेकडेकाकूंनी माती सारली तर वाहीन.

गेली खेकडेकाकूंकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. आता पाय दुखायला लागले. तरी थांबेनात.

"काकू, काकू, माती सारा ना.
पाट वाहेना,
जाई फुलेना,
खारूताई येईना,
आई हो म्हणेना,
बाबा आणेनात,
माझा पाय थांबेना."

"हळू बोल गं बाई," काकू कुजबुजल्या. त्यांच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. आत्ताच डोळा लागला होता. मांडी हलली की बाळ उठतं, उठलं की रडतं. काकू उठणार कशा?

चुळबुळीनं बाळाकडे पाहिलं. आपल्या पायांकडे पाहिलं.

"द्या माझ्याकडे," ती म्हणाली.

मांडी घातली. बाळ घेतलं. एक पाय म्हणाला, जाऊ? चुळबुळी म्हणाली, नाही. दुसरा पाय म्हणाला, जाऊ? चुळबुळी म्हणाली, नाही. नाकावर माशी बसली. गुंईईई. चुळबुळी हलली नाही.

काकूंनी माती सारली. खर्र खर्र.
पाट वाहिला. खळखळ खळखळ.
जाई फुलली. टप टप टप.
खारूताईनं गजरा माळला आणि ओटी घ्यायला आली. टुकटुक टुकटुक.

आईनं ओटी भरली. तांदूळ घातले, सुपारी घातली, हळदकुंकू लावलं. मग विचारलं, "आमची चुळबुळी कुठे गं दिसली का?"

"काकूंचं बाळ घेऊन बसलीय."

"बसलीय?"

"अगदी गप्प बसलीय. मी येताना बघितलं."

आईनं देवाकडे पाहिलं. हात जोडले. आणि म्हणाली, "हो."

बाबा नुसते 'हो'ची वाट बघत होते. धावत गेले, धावत आले. लाल फळी, चार चाकं, थेट खेकडेकाकूंच्या दारात.

काकूंनी बाळ अलगद उचललं. बाळ उठलं नाही. चुळबुळी उठली.

एक पाय फळीवर. दुसरा पाय फळीवर.

घर्रर्रर्र.

आई मागे, बाबा मागे, खारूताई मागे. "अगं हळू, अगं हळू."

चुळबुळीच्या पायाखाली चाकं आली, तशी सगळ्या चिमण्या पायांखाली येवोत. आणि मागे धावणाऱ्या आयांना देव धीर देवो.