पाटलाच्या गुडघ्यांनी निवडलेले डोंगर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. विचारणाऱ्याला गोष्ट कळत नाही आणि सांगणाऱ्याचा वेळ जातो.

एक गाव होतं. गावाच्या पाठीशी चढत्या भाजणीने डोंगर उभे होते. आधी घरांमागचा उंचवटा, मग टेकाड, त्यावर मोरपठार, आणि सगळ्यांच्या वर, ढगात डोकं खुपसून बसलेलं कडजाईचं शिखर.

शिखरावर कडजाईचं ठाणं होतं. देऊळ नाही, मूर्ती नाही. कपारीत शेंदूर फासलेला कोहळ्याएवढा दगड आणि शेजारी खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. चैत्राच्या पुनवेला अख्खा गाव वर चढायचा. या देवीची रीत मोठी विचित्र होती. बाकीच्या देवांना फुलं लागतात, हिला चिखल लागायचा. वर पोचलेल्या प्रत्येकाने टाक्यात उतरायचं, तळाचा ओंजळभर गाळ काढून कड्यावरून भिरकावायचा, आणि मगच हात जोडायचे. असं का, ते कुणी विचारत नसे. आज्याने केलं, बापाने केलं, आपणही करायचं आणि घरी येऊन पुरणपोळी खायची.

नारळ मात्र एकच असे. जो सगळ्यांत आधी वर पोचेल त्याने तो देवीपुढे फोडायचा, आणि ज्याचा नारळ त्याचा वर्षभर गावात शब्द. हा मान पाटलाच्या घराण्याने कधी सोडला नव्हता.

आता पाटलाबद्दल सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. जाड होता. तरुणपणी तो शिखर पळत चढायचा, पण पुढे शब्द चालायला लागला तसे पाय चालेनासे झाले. पाटलीणबाईंच्या हाताला चव होती आणि पाटलाच्या हाताला आवर नव्हता. जिना चढला तरी त्याचे गुडघे कुरकुरत. उलट त्याचा चुलतभाऊ हैबती. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस, पण डोंगर दिसला की शेळीसारखा वर. गेल्या पुनवेला हैबतीच्या पायात काटा मोडला म्हणून पाटलाची अब्रू वाचली. दरवर्षी काटा थोडाच मोडतो?

चैत्र जवळ आला तशी पाटलाची झोप उडाली. मान गेला तर हैबती चावडीवर आपल्या जागेवर बसणार, आणि आपण भिंतीला टेकून "हो हो" म्हणणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग एके सकाळी तो चावडीवर आला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, की देवी स्वप्नात आली होती. तिला शिखरावर वारा फार लागतो. तिने मोरपठार निवडलं आहे.

मोरपठार का, असं कुणीतरी विचारलं.

पाटील म्हणाला, "अरे, काय देखावा आहे तिथला! मोर नाचतात, खाली नदी दिसते. आणि जागा साधी समजू नका. वनवासात पांडव तिथं जेवले होते. खडकात खळगे आहेत ना, ती त्यांची ताटं."

ते खळगे पावसाच्या पाण्याने पडले होते, हे गावातली गुरंसुद्धा सांगू शकली असती. पण गुरवाने लगेच मान डोलावली. त्याला रोज शिखर चढून पूजा करावी लागे आणि त्याच्या तळपायाला कुरूप झालं होतं. देवाच्या माणसाने होकार दिल्यावर बाकीचे काय बोलणार? देवीला वाजतगाजत मोरपठारावर आणली. स्वप्नातही पाटीलच सगळ्यांच्या पुढे चालत होता म्हणे, म्हणून तो पुढे चालला, बाकीचे मागे. नारळ त्याचा.

पठारावर टाकं नव्हतं. गाळ कुठून आणायचा? पाटील म्हणाला, शेतातली मूठभर माती चालेल, देवी भावाची भुकेली आहे. तेव्हापासून देवी भावाची भुकेली झाली.

पुढच्या चैत्रापर्यंत पाटील आणखी सुटला. मोरपठार त्याला शिखराएवढं दिसू लागलं. देवी पुन्हा स्वप्नात आली. या खेपेला तिला टेकाड आवडलं होतं. टेकाडावर सीतामाईने लुगडं वाळत घातलं होतं, असं पाटलाला त्याच स्वप्नात कळलं. पठारावरून दूरचं दिसतं पण जवळचं दिसत नाही, टेकाडावरून गावातली प्रत्येक चूल दिसते, हाच खरा देखावा, असंही त्याने समजावलं. मातीने लोकांचे कपडे मळतात म्हणून गुरवाने मातीऐवजी अंगाऱ्याची चिमूट काढली.

त्यापुढच्या साली देवी घरांमागच्या उंचवट्यावर उतरली. तिथे म्हणे भीम ठेच लागून बसला होता. हैबती चावडीवर म्हणाला, "दादा, हे पांडव जागोजागी बसतात, जेवतात, आडवे होतात. वनवासाला निघाले होते की पंगतीला?"

लोक हसले. पाटील हसला नाही. त्याने हैबतीला नास्तिक ठरवलं आणि विषय मिटवला.

शेवटी काय झालं, ते तुम्हाला कळलंच असेल. देवी पाटलाच्या ओट्यावर आली. ओट्याला दोन पायऱ्या होत्या. पुनवेच्या दिवशी पाटील घरातून बाहेर आला तोच सगळ्यांच्या आधी देवीपुढे पोचला. हैबती रस्त्यावरून धावत आला तरी मागेच. नारळ पाटलाचा. अंगाऱ्याने खोकला येतो म्हणून त्याऐवजी प्रत्येकाने पाटलाघरच्या शिऱ्याची मूद देवीपुढे ठेवायची आणि तिथेच खायची असं ठरलं. लोकांना ही रीत फार पटली. इतकी पटली की नुसत्या चैत्रात नको, दर पुनवेला करू म्हणाले.

आता जरा दुसरीकडे बघा. गावाला पाणी होतं ते वेशीजवळच्या गोमुखाचं. डोंगरातून दगडांखालून, झाडीतून कुठूनतरी यायचं आणि बारा महिने पडायचं. कुठून येतं, याची चौकशी कुणी केली नव्हती. येतंय ना, मग झालं. देवी मोरपठारावर आली त्या साली धार मनगटाएवढी होती. टेकाडावर आली तेव्हा बोटाएवढी झाली. पाटलाने बायकांना दोष दिला, की कपडे फार धुता. ओट्यावर आली तेव्हा करंगळीएवढी, मग सुतळीएवढी. आता म्हशींना दोष दिला. मग एके दिवशी गोमुखातून पाणी यायच्या ऐवजी एक बेडूक बाहेर आला आणि इकडे तिकडे बघून निघून गेला. त्यानंतर काहीच आलं नाही.

गाव नदीवर पाण्याला जाऊ लागलं. नदी लांब, वाट चढउताराची. पाटलीणबाईंनाही हंडा घ्यावा लागला. आणि त्यांच्या दारात दर पुनवेला अख्खा गाव शिरा खायला हजर. शिऱ्याला पाणी लागतं, खरकट्या भांड्यांना त्याहून जास्त लागतं. पाटील ओट्यावर बसून येणाऱ्याला या बसा म्हणायचा, आणि पाटलीणबाई आत कढई घासत बसायच्या. नवऱ्याला त्यांनी सांगून पाहिलं. तो म्हणाला, देवीची मर्जी, आपण कोण?

चैत्र पुन्हा आला. पाटलीणबाई सकाळी पदर खोचून सरळ चावडीवर गेल्या. चावडीवर बाई आलेली कुणी बघितली नव्हती, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, की देवी स्वप्नात आली होती.

पाटील दचकला. म्हणाला, "तुझ्या? तुझ्या स्वप्नात कशाला येईल?"

"अहो, देवी बाईमाणूस आहे. तिनं मन मोकळं करायचं ते बाईपाशी, की तुमच्यापाशी?"

चावडीतल्यांनी माना डोलावल्या.

पाटलीणबाईंनी सांगितलं, की देवीला माहेरची आठवण येते. तिला शिखरावर परत जायचं आहे. आणि ज्याने तिला खाली आणलं त्यानेच ती डोक्यावर घेऊन वर पोचवायची, नाहीतर गावात पाणी नाही. हे सगळंच त्यांनी आपल्या पदरचं घातलं होतं. देवीचा त्यांना पत्ता नव्हता, टाक्याचा नव्हता, धारेचाही नव्हता. त्यांना फक्त ओटा रिकामा हवा होता.

पाटील मोठ्या पेचात सापडला. स्वप्न खोटं म्हणावं तर आपली सगळी स्वप्नं खोटी. खरं म्हणावं तर शिखर. हैबती कोपऱ्यात मिशीला पीळ देत बसला होता. तो म्हणाला, "दादा, स्वप्नाचा मान तुम्हीच या गावाला शिकवलात." पाटलाने होकार दिला. दुसरं करणार काय?

पुनवेला गाव निघालं. पाटलाच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर देवी. तो कोहळ्याएवढा दगड उतरताना चौघांनी हसतखेळत आणला होता. चढताना त्याचा डोंगर झाला. उंचवट्यावर पाटील बसला. लोक म्हणाले, बसा, भीमही इथंच बसला होता. टेकाडावर त्याचं उपरणं घामाने निथळत होतं. लोक म्हणाले, वाळत घाला, सीतामाईची दोरी असेल इथंच कुठंतरी. मोरपठारावर तर तो सरळ आडवा झाला. म्हातारी माणसं त्याच्याभोवती बसली आणि पांडवांच्या ताटांत भाकरी ठेवून जेवली.

हैबती थांबला नाही. गावाचा नारळ घेऊन तो केव्हाच शिखराकडे गेला होता. खालून त्याचं पागोटं दिसत होतं, मग तेही दिसेनासं झालं. पाटलाने ते पाहिलं. मान गेला, हे त्याला कळलं. इथे दगड ठेवून खाली जाता आलं असतं. पण देवी अर्ध्या वाटेत सोडून दिली तर नुसता मान नाही, तोंड दाखवायची जागाही जाईल. त्याने देवी पुन्हा डोक्यावर घेतली आणि तो उठला. पाटलीणबाई मागून चालत होत्या. त्यांनी फक्त त्याच्या पाठीला हात लावून ठेवला होता.

गाव पुढे निघून गेलं. पाटील सगळ्यांच्या शेवटी पोचला. वर आला तेव्हा त्याला दिसलं, की हैबती कपारीजवळ तोंड पाडून बसला आहे आणि त्याच्यासमोर नारळाच्या रिकाम्या करवंट्या पडल्या आहेत.

झालं असं होतं, की हैबती पहिला पोचला. बसला. वाट बघितली. ऊन चढलं, पोटात कावळे ओरडायला लागले. मान तर आपलाच आहे, मग उशीर कशाला, असं म्हणून त्याने रिकाम्या कपारीपुढे नारळ फोडला आणि खाऊनही टाकला.

"मी पहिला आलो," तो पुटपुटला. "रीत आहे तशीच केली."

पाटलीणबाई म्हणाल्या, "भावोजी, देवी जागेवर नसताना फोडला तर त्याला मान म्हणत नाहीत. त्याला खोबरं म्हणतात."

पाटील हसला असता, पण त्याच्यात दम नव्हता. त्याने देवी कपारीत ठेवली आणि हात धुवायला टाक्याकडे वळला. टाकं कुठे होतं? तिथे गाळाचं शेत झालं होतं. कडेपर्यंत भरलेलं. त्यावर गवत उगवलं होतं आणि गवतात एक टिटवी अंड्यांवर बसून या माणसांकडे रागाने बघत होती.

मग लोकांना जुनी रीत आठवली. गाळ काढल्याशिवाय दर्शन नाही. टिटवीचा कोपरा सोडून सगळे आत उतरले. कितीतरी चैत्रांची बाकी होती, ओंजळीने भागणार नव्हती. घमेली नव्हती म्हणून पागोटी सोडली, उपरणी पसरली. पाटील खाली बसून दोन्ही हातांनी चिखल उपसत होता. एवढ्यात त्याचा हात टाक्याच्या तळाशी एका भोकात गेला. भोकात मुळांचा गठ्ठा बसला होता. त्याने ओढला. गठ्ठा निघेना. हैबतीने पाटलाची कंबर धरून ओढलं. गठ्ठा सुटला, दोघे भाऊ चिखलात उताणे पडले आणि गाळाखाली तुंबलेलं झऱ्याचं पाणी भोकातून घळघळत खाली निघालं.

सगळे कड्याच्या काठाशी जाऊन खाली बघत राहिले. खाली मोरपठार, त्याखाली टेकाड, त्याखाली गाव. पाटील इतकी वर्षं देखाव्याबद्दल बोलत आला होता, पण धापा टाकणाऱ्या माणसाला देखावा कुठला दिसतो? आज त्याने पहिल्यांदा तो नीट बघितला. बऱ्याच वेळाने गावातून थाळ्या बडवल्याचा आवाज वर आला. डोंगर चढवत नाही म्हणून गोमुखाजवळ बसून राहिलेल्या म्हाताऱ्यांना पाणी दिसलं होतं.

पाटील चिखलातच बसला होता. तो हैबतीला म्हणाला, "आपला आजा मोठा लबाड रे. वर जाऊन गाळ काढा म्हटलं असतं, तर या गावातला एक माणूस डोंगर चढला नसता. म्हणून त्याने वर देवी बसवली."

हैबती म्हणाला, "आणि तुम्ही दादा, तिला शिरा खायला बसवलीत."

त्या वर्षी नारळाचा मान कुणालाच मिळाला नाही. गावात कुणाचाच शब्द चालला नाही, त्यामुळे गाव बरं चाललं. पुढच्या चैत्रापासून नवी रीत पडली, की सगळ्यांत मागचा माणूस पोचल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. तो मागचा माणूस दरवर्षी पाटीलच असे. येताना तो मोरपठारावर थांबून खरंच मोर बघे, आणि वर पोचल्यावर दोन ओंजळी गाळ काढी, एक स्वतःची आणि एक तळपायाला कुरूप झालेल्या गुरवाची. देवीची स्वप्नं मात्र चावडीवर सांगायची बंद झाली. ज्याला पडतील त्याने ती घरी बायकोला सांगावी, असं ठरलं. मग कुणाला पडेनात.

यातून घ्यायचं ते एवढंच: कुठलं शिखर चढायचं हे आपल्या गुडघ्यांना विचारू नका, ते शिखर तिथे कशासाठी आहे ते आधी विचारा.